अठरा भाटींचा मुलुख

चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईकडचे कुणी भेटले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एक प्रश्न हमखास येतो : तुम्ही तर वाघ पुष्कळ पाहिले असतील? या प्रश्नातले ‘पाहणे’ हे क्रियापद अलीकडे आम्हांला अडते. मोहर्लीच्या फाटकावर पहाटे रांगेत उभ्या असलेल्या जिप्सींमध्ये त्याला ‘साइटिंग’ असा सुटसुटीत शब्द आहे. झाली, नाही झाली, अर्धी झाली, इतका त्याचा हिशेब. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावात मात्र ‘दिसला’ हे क्रियापद पुरेसे असते, आणि ते उच्चारताना आवाज खाली येतो. कर्ता सांगावा लागत नाही. सांगायचाच झाला तर ‘जनावर’ म्हणतात. जंगलात असताना त्याचे खरे नाव घेत नाहीत. उलट पर्यटकांनी ताडोब्यातल्या वाघांना नावे ठेवली. माया, वाघडोह ही नावे आता देशभर ठाऊक आहेत. एकाच प्राण्याला एकीकडे विशेषनाम मिळते आणि दुसरीकडे सामान्यनामही नाकारले जाते, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्यांनी तरी नजरेआड करू नये.

आम्ही दोघे वैनगंगेच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वनविषयक ललित लेखन हा आमच्या अध्यापनाचा जुना आवडता भाग. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ या पुस्तकांनी आमच्या पिढीला जंगल वाचायला शिकवले, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत आणि ते खरेच आहे. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. पुढच्या महिन्यात, १८ जूनला, चितमपल्ली सोलापुरात निवर्तले. महाविद्यालय उघडल्यावर आम्ही त्यांच्यावर एक छोटा कार्यक्रम केला आणि वर्गात त्यांच्या लेखनावर निबंध लिहायला दिला. एका विद्यार्थिनीने (तिची मामी आदल्या वर्षी मोहफुले वेचताना गेली होती) पान-दीड पान नेहमीसारखे लिहून शेवटी लिहिले होते : या पुस्तकांतला माणूस जंगलात एकटा जातो. आमच्याकडे कुणी एकटे जात नाही.

या दोन वाक्यांवर आमच्यात बरेच दिवस वाद चालला. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे, की एकटेपणा ही ललित निबंधाची अटच आहे. निवेदक एकटा नसेल तर त्याला ऐकू येणारे पान पडल्याचे आवाज ऐकू येणार नाहीत. शिवाय चितमपल्ली वनाधिकारी होते, वनमजुरांकडून आणि गोंड-माडिया लोकांकडून आपण काय काय शिकलो हे त्यांनी भरभरून लिहिले आहे; त्यांच्यावर एकटेपणाचा आरोप अन्यायाचा आहे. दुसरीचे म्हणणे असे, की मुलीने आरोप केलेलाच नाही. तिने एक निरीक्षण नोंदवले आहे, आणि ते वाङ्मयप्रकाराविषयीचे आहे. मोह वेचायला पाच-सहा बायका मिळून जातात, एकमेकींना हाका मारत राहतात, आणि वाकलेल्या माणसावर हल्ला होतो म्हणून एकजण उभी राहते. त्या उभ्या राहिलेल्या बाईला जे जंगल दिसते ते मराठी ललित गद्यात कुठे आहे? आम्ही शोधले. आत्मकथनांत तुरळक सापडते. निबंधात नाही म्हटले तरी चालेल.

मग सुंदरबन कुठून आले? एक तर अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीमुळे. तिच्यातही एक एकटी अभ्यासक नदीतल्या डॉल्फिनांच्या मागे येते. पण तिला तिथला एक खेकडे धरणारा भेटतो आणि कादंबरीचा तोल हळूहळू त्याच्या भाषेकडे, खरे तर त्याच्या न बोलण्याकडे, झुकतो. दुसरे कारण घराजवळचे आहे. वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगाली वस्तीची गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवले तेव्हा तो सगळा मुलुख चांदा जिल्ह्यातच होता. तिकडची मुले आमच्याकडे शिकायला येतात, झाडीपट्टीची बोली आमच्याइतकीच सफाईने बोलतात आणि घरी बंगाली. त्यांच्यापैकी एकाच्या आजीच्या तोंडून आम्ही ‘बनबिबी’ हे नाव पहिल्यांदा ऐकले होते. तेव्हा २०२५च्या डिसेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा आटोपल्या आणि आम्ही नागपूरला गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसलो.

सियालदहहून कॅनिंगला जाणारी लोकल दीड तासात पोहोचते. कॅनिंगचा इतिहास मोठा शिकवणारा आहे. मातला नदीच्या काठी कलकत्त्याला पर्याय म्हणून बंदर उभारायचे इंग्रजांनी ठरवले, तेव्हा हेन्री पिडिंग्टन नावाच्या वादळांच्या अभ्यासकाने १८५३ साली गव्हर्नर जनरलला लिहून कळवले होते, की या जागी एक दिवस समुद्र चढून येईल. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणारा तो हाच. ग्रीक भाषेतल्या वेटोळ्याच्या कल्पनेवरून त्याने तो बनवला. बंदर झाले, रेल्वे आली, व्हाइसरॉयचे नाव लागले आणि १८६७च्या नोव्हेंबरात वादळ आले. पुढच्या चार-पाच वर्षांत बंदर सोडून द्यावे लागले. शब्द देणाऱ्याचे ऐकले नाही, शब्द मात्र घेतला! आज तिथे मासळीबाजार आहे, आणि सकाळच्या लोकलने कलकत्त्याला घरकामाला जाणाऱ्या बायकांची गर्दी.

पुढे वाहनाने गोदखाली. तिथे रस्ता संपतो. समोर गोसाबा, डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश गृहस्थाने १९०३पासून इथे जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत उभी केली, स्वतःची एक रुपयाची नोट काढली, आणि १९३२ साली रवींद्रनाथ त्याचा प्रयोग पाहायला येऊन गेले. या पाहुण्यांची बंगली पर्यटकांना दाखवतात. आम्हीही पाहिली. असो.

ज्या होडीतून आम्ही तीन दिवस फिरलो तिला तिकडे ‘भटभटी’ म्हणतात, डिझेल इंजिनाच्या आवाजावरून. आमच्याकडे मोटारसायकलीला जुनी माणसे फटफटी म्हणतात, त्याचीच ही बहीण. भाषेतले अनुकरणवाचक शब्द किती लांबवर एकमेकांना ओळखतात हे पाहून आम्ही दोघे मराठीचे मास्तर खूश झालो. होडीवर एक नावाडी, त्याचा पोरसवदा मदतनीस आणि सजनेखालीहून बरोबर घ्यावा लागणारा वनखात्याचा परवानाधारक वाटाड्या एवढी माणसे. वाटाड्या सातजेलियाच्या बेटावरचा, चाळिशीतला, आमच्याच वयाचा.

सुंदरबन हे ताडोब्यासारखे ‘जंगल’ नव्हे हे समजायला पहिला अर्धा दिवस गेला. आमच्या डोळ्यांना जंगलात वाट लागते. इथे वाट म्हणजे पाणी, आणि ते सहा तासांनी दिशा बदलते. भारत आणि बांगलादेश मिळून सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश. आपल्याकडच्या भागात शंभरावर बेटे, त्यांतल्या चोपन्नांवर माणसे, उरलेल्यांवर वन. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटरांचा, कुठे त्याहून अधिक. सकाळी जिथे काठावर हरीण उभे होते तिथे दुपारी झाडांचे फक्त शेंडे. ओहोटी लागली की चिखलाचा उतार उघडा पडू लागतो, आणि हा उतार हेच तिथले खरे पुस्तक. निवट्या नावाचे मासे (कोकणातल्या वाचकांना ते सांगायला नकोत) चिखलावर सरपटतात, उड्या मारतात, कल्ल्यांत पाणी धरून हवेत वावरतात. एक नांगी देहाहून मोठी असलेले तांबडे खेकडे ती नांगी वर-खाली हलवीत बिळांच्या तोंडाशी उभे. एका वळणावर मगर चिखलात चिखलाच्याच रंगाची होऊन पडली होती. नावाड्याने बोट दाखवूनही आमच्यातल्या एकाला ती हलेपर्यंत दिसली नाही. खाऱ्या पाण्यातली ही मगर ताडोबाच्या तळ्यातल्या मगरीची थोरली चुलत बहीण. जगातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठी.

झाडांचीही वेगळीच तऱ्हा. तिवराला तिथे ‘बाइन’ म्हणतात. गरान, गेवा, केवडा, हेताळ ही बाकीची मंडळी. (त्यांचा ‘केवडा’ म्हणजे आपला सुवासिक केवडा नव्हे; आपल्या चिप्पीच्या कुळातले ते झाड. महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून पांढरी चिप्पी निवडली, ती याचीच नातलग.) ज्या सुंदरीवरून वनाला नाव पडले असे मानतात ती सुंदरी आमच्या वाटेवर तुरळकच दिसली. तिला गोडे पाणी जास्त लागते आणि पश्चिमेकडच्या नद्यांना वरून येणारे गोडे पाणी उरलेले नाही. ती बांगलादेशाकडे अधिक. चिखलात हवा नसते म्हणून या झाडांची मुळे श्वास घ्यायला जमिनीबाहेर येतात, बोटभर ते हातभर उंचीच्या सुळ्यांसारखी, हजारोंनी. ओहोटीच्या वेळी असा काठ म्हणजे खिळे ठोकलेली फळी. त्यावरून माणूस धावू शकत नाही. वाघ धावतो. हे वाटाड्याने सांगितले, कसलाही आव न आणता.

हेताळ हे खजुराच्या जातीचे झुडूप. त्याची पाने वाळताना पिवळी-तपकिरी पडतात, मध्ये काळ्या सावल्या. वाघ त्यात बसला तर दहा हातांवरून कळत नाही. आम्ही हेताळाच्या रांगांकडे तीन दिवस टक लावून पाहत होतो. प्रत्येक रांगेत वाघ होता आणि कुठेही नव्हता.

सुधन्यखालीचा मनोरा हे तिथले मोहर्ली. मनोऱ्यासमोर गोड्या पाण्याचे तळे खणलेले आहे. त्यावर हरणे येतात, आणि हरणांमागे तो यावा ही अपेक्षा. माणसे मात्र जाळीच्या आत आणि जनावरे बाहेर, असा उलटा पिंजरा. दीडशे तरी माणसे असावीत. आम्ही गेलो तेव्हा तळ्यावर चितळांचा कळप होता, एक घोरपड (सुसरीएवढी वाटावी अशी पाणघोरपड) काठाने चालली होती आणि पलीकडच्या झाडावर मदनटाक हा टकला करकोचा ध्यान लावून बसला होता. एक लहान मुलगा मदनटाकाकडे बघून मनापासून हसत होता, तेवढ्यात त्याच्या वडिलांनी त्याला ओढून दुसऱ्या बाजूला नेले, कारण तिकडे कुणाला तरी काही तरी पिवळे दिसले होते. सजनेखालीच्या तळ्याचीही तीच गत. जवळपास नामशेष झालेल्या ‘बाटागुर बास्का’ या कासवाचे मूठभर जीव २००८ साली याच तळ्यात सापडले आणि पुढे इथे त्यांची वीण झाली. वाघापेक्षा कितीतरी दुर्मीळ असा हा जीव; पण त्या कुंपणापाशी आम्ही अर्धा तास होतो आणि तेवढ्या वेळात तिसरे माणूस आले नाही.

वाटाड्या म्हणाला, वाघ तुम्हांला दिसो न दिसो, त्याने तुम्हांला पाहिले आहे. हे वाक्य ताडोब्यातही दर सफारीत ऐकू येते, आणि बहुधा जगातल्या सगळ्या वाटाड्यांना ते प्रशिक्षणातच देत असावेत. पण इथे त्यापुढे तो जे बोलला ते प्रशिक्षणातले नव्हते. तो म्हणाला, माझ्या बापाने मात्र पाहिला नाही. मागून आला.

मागून येतो म्हणूनच १९८६च्या सुमारास वनात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला लावायचे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले गेले. काही काळ उपाय चालला. मग वाघाला कळले असे म्हणतात, किंवा माणसांना कंटाळा आला. आता गावांच्या बाजूने नायलॉनची जाळी लावली आहे, तिने गावात येणारे वाघ पुष्कळ कमी झाले. पण मरणारी बहुतेक माणसे गावात मरत नाहीत. ती खेकडे, मासे आणि मधासाठी वनात गेलेली असतात. होडीला परवाना असेल, माणसाकडे पास असेल आणि जागा गाभ्याच्या बाहेरची असेल तर मृत्यूची नोंद होते. नाही तर घरच्यांना ती करायचीच भीती वाटते. २०२३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका विधवेच्या अर्जावर तिला भरपाई देण्याचा आदेश दिला. मृत्यू गाभाक्षेत्रात झाला म्हणून ती नाकारता येणार नाही, असा त्याचा रोख. तिकडे ‘बाघबिधवा’ असा शब्दच आहे. मराठीत असा समास करून पाहावा म्हणून आम्ही उच्चारून बघितला, आणि पुन्हा उच्चारला नाही.

ज्या घरी आम्ही दोन रात्री उतरलो होतो तिथे स्वयंपाकाला येणारी बाई अशीच. पस्तिशीची असावी. भात, पारशे माशाचे कालवण, शेवटी नव्या खजुरी गुळाची खीर. वाटाड्या दुभाष्या होता. थोडे आम्हांला थेट कळत होते. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी खेकडे धरायला गेला होता, तीन जण मिळून. पास नव्हता. दोघांनी काठ्या घेऊन प्रेत सोडवून आणले आणि रातोरात दहन केले. सरकारी कागदावर तो पोटाच्या विकाराने गेला. हे सगळे ती मीठ बरोबर आहे का विचारावे तशा स्वरात सांगत होती. मग तिने विचारले, तुम्ही काय बघायला आलात? आम्ही म्हणालो, नद्या, हरणे, पक्षी. खोटे नव्हते ते. ती म्हणाली, आणि मामा? तिकडे वाघाला मामा म्हणतात. आम्ही म्हणालो, आमच्याकडे मामा पुष्कळ आहेत. मग तिने पहिल्यांदा आमच्याकडे नीट पाहिले आणि पदर खोचून समोर बसली. तुमच्याकडचा पाण्यात येतो का? बाया जंगलात जातात का? गेल्यावर हातात काय धरतात? घरी राहिलेली माणसे काय पाळतात? तिच्याकडे नवरा वनात असेपर्यंत बायको केस विंचरत नाही, कुंकू लावत नाही, विधवेसारखी राहते. आधीच विधवा झालेल्या बाईला पुन्हा विधवा करता येत नाही अशी त्यामागची समजूत. आमच्याकडे असे काही नाही, आमच्याकडे बायकाच जातात, असे आम्ही सांगितले. त्यावर ती म्हणाली, मग घरी पुरुष काय पाळतात? आम्हांला उत्तर सुचले नाही.

वनात पाऊल टाकण्याआधी बनबिबीचे नाव घेतात. मनोऱ्यांच्या आवारातही तिची देवळे आहेत : साडी नेसलेली देवी, शेजारी भाऊ शाह जंगली, मांडीवर किंवा पायाशी दुखे नावाचा मुलगा, समोर वाघ. हिंदू-मुसलमान दोघेही तिला मानतात. तिची कथा ‘बनबिबी जहुरानामा’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाली पद्यात छापली गेली. गोसाब्याच्या बाजारात तिची पातळ प्रत मिळाली. पहिल्याच पानाला आम्ही चकलो, कारण पुस्तकाचे पहिले पान आपल्या शेवटच्या पानाच्या जागी आहे. लिपी बंगाली, ओळी डावीकडून उजवीकडे, पण पाने अरबी ग्रंथासारखी उजवीकडून डावीकडे उलटायची. छंद पयार. एकाच वस्तूत दोन ग्रंथपरंपरा अशा भांडण न करता राहिलेल्या आम्ही याआधी पाहिल्या नव्हत्या. घोष यांनी २०२१ साली याच कथेवर ‘जंगल नामा’ हे इंग्रजी पद्य रचले.

कथा थोडक्यात अशी. मक्केच्या इब्राहिमची टाकलेली बायको वनात जुळ्यांना जन्म देते, मुलीला हरणे वाढवतात, तीच बनबिबी. ती भावासह ‘आठारो भाटिर देश’, म्हणजे अठरा भाटींच्या मुलुखात येते. (भाटी म्हणजे ओहोटी. हा देश भरतीच्या नव्हे तर ओहोटीच्या नावाने ओळखला जातो. पाणी उतरते तेव्हाच तर तो देश असतो.) तिथे वाघाचे रूप घेणाऱ्या दक्षिणराय या राक्षसराजाचे राज्य. त्याच्या आईशी, नारायणीशी, बनबिबीचे युद्ध होते आणि शेवट मैत्रीत होतो. मुलूख वाटला जातो : वस्ती माणसांची, घोर वन दक्षिणरायाचे. पुढे धना नावाचा मधाचा व्यापारी गरीब विधवेच्या एकुलत्या मुलाला, दुखेला, सात होड्यांबरोबर घेऊन जातो. दक्षिणराय त्याला मध-मेण भरभरून देतो आणि मोबदल्यात दुखे मागतो. धना देतो. दुखे आईने सांगितल्याप्रमाणे बनबिबीला हाक मारतो, ती वाचवते, आणि मगरीच्या पाठीवर बसवून घरी धाडते. करार असा ठरतो, की जो रिकाम्या हाताने आणि निर्लोभ मनाने येईल त्याला वन इजा करणार नाही.

ताडोब्याची कथा आठवल्याशिवाय राहिली नाही. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मेला, त्याचा देव झाला, तळ्याकाठच्या झाडाखाली त्याचे ठाणे, पौषात त्याची यात्रा. आमच्या देवाने वाघाशी झुंज दिली आणि हरला. त्यांची देवी जिंकली आणि तिने सीमा आखली. दोन्ही कथा माणूस आणि वाघ यांच्यातल्या हद्दीविषयी आहेत, पण आमच्याकडची हद्द कथेने न आखता पुढे १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाने आखली. आमच्यातल्या एकाला ही तुलना फार सोपी वाटते. दक्षिणरायाचा करार पाळणारा माणूसही मरतोच, तेव्हा कथा भीतीला फक्त शिस्त लावते, असे त्याचे मत. दुसरीला शिस्त हा शब्द पसंत नाही. हा वाद होडीच्या टपावर सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

झिंगेखालीकडे जाताना कुमिरमारीसमोर डाव्या हाताला एक बेट लागले. बाकीच्या बेटांसारखेच, चिखल, गरान, एक खंड्या. वाटाड्याने नाव सांगितले : मरिचझाँपी. आणि गप्प राहिला. १९७८ साली दंडकारण्यातल्या निर्वासित छावण्यांतून हजारो दलित बंगाली कुटुंबे इथे येऊन वसली होती. शेती, शाळा, होड्या बांधण्याचा कारखाना उभा केला. बेट राखीव वनात आहे म्हणून राज्य सरकारने १९७९च्या जानेवारीत त्याची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात त्यांना बळाने हुसकले. किती मेले याविषयी आजही एकमत नाही. मानववंशशास्त्रज्ञ अन्नू जालै यांनी या बेटांवर राहून लिहिले आहे, की वाघ नरभक्षक केव्हा झाला याचे उत्तर कित्येक बेटवासी या घटनेशी जोडतात : सरकारने वाघाची किंमत आमच्याहून जास्त ठरवली हे वाघाला कळले आणि तो बिघडला. याला प्राणिशास्त्र म्हणता येणार नाही; बर्निएसारख्या प्रवाशाने सतराव्या शतकातच होड्यांवर येणाऱ्या वाघांविषयी लिहून ठेवले आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याला हा पुरावा महत्त्वाचा वाटावा. समाज अन्यायाची तारीख जनावराच्या स्वभावात नोंदवून ठेवतो.

आम्हांला वाघ दिसला नाही, हे सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी, ओहोटीला, एका चिंचोळ्या खाडीत काठावर ठसे दिसले. खाडी पोहून तो पलीकडे चढला होता. चिखलात पंजे खोल रुतलेले, आणि चढताना घसरल्याची लांब खूण. कडा अजून ढासळत होत्या. नावाड्याने इंजिन बंद केले. पंधरा मिनिटे कुणी बोलले नाही. मग भरतीचे पाणी आले आणि खालचा ठसा आधी भरला, मग वरचा.

जानेवारीत आम्ही ती पोथी वर्गात नेली. मुलचेऱ्याच्या एका विद्यार्थ्याला बंगाली वाचता येते. त्याने उभे राहून दुखेचा भाग वाचला आणि दर चार ओळींना मराठीत सांगत गेला. चालीवर वाचतो हे त्याचे त्यालाही नंतर कळले. आजी अशीच म्हणते, असे त्याने लाजून सांगितले. पोथी उलट्या बाजूने उघडते याचे मुलांना फारच कौतुक. निबंधवाली विद्यार्थिनी मागच्या बाकावर होती. वाचन संपल्यावर तिने विचारले, दुखेच्या आईने त्याला जाऊ कसं दिलं? धना कसा आहे ते तिला माहीत नव्हतं का?

मुलचेऱ्याच्या विद्यार्थ्याने दोन पाने मागे, म्हणजे आपल्या हिशेबाने पुढे, उलटली आणि जागा शोधून काढली. म्हणाला, माहीत होतं. इथं लिहिलंय, आई नको म्हणत होती. पण घरात तांदूळ नव्हता.

‘हां,’ ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहून घेतले.